वीज गेल्यावर मत्स्यटाकीला आधार कशाचा? आधी प्राणवायू, मग इन्व्हर्टर

मुंबई : वीज गेली की घरातील दिवे आणि पंखे इन्व्हर्टरवर सुरू राहतात, दिवाणखान्यातील मत्स्यटाकी मात्र बहुतेक घरांत बंद पडते. वायरिंग करताना इन्व्हर्टरची जोडणी दिवे, पंखे आणि फार तर दूरचित्रवाणी संचापुरती केलेली असते. टाकी त्यानंतर केव्हातरी घरात येते आणि जवळ सापडेल त्या प्लगवर जोडली जाते. त्यामुळे घरात हजारो रुपयांची बॅटरी असूनही पाच वॅटचा हवेचा पंप थांबलेला असतो आणि सकाळी टाकीतील मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात.

शोभिवंत मासे पाळणाऱ्यांसाठी हा प्रश्न देशाच्या सर्वच भागांत येतो, फक्त त्याचे रूप बदलते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील वीजजाळे कोलमडले, तेव्हा साठ कोटींहून अधिक लोकसंख्येच्या भागाला त्याची झळ बसली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगरात वीज गेली आणि ‘इथे वीज जात नाही’ म्हणून निर्धास्त असलेल्यांनाही काही तास वाट पाहावी लागली. चक्रीवादळांचे स्वरूप याहून वेगळे असते. मे २०१९ मध्ये ‘फनी’नंतर भुवनेश्वरमध्ये आणि मे २०२० मध्ये ‘अम्फान’नंतर कोलकात्याच्या अनेक वस्त्यांमध्ये वीज परतायला कित्येक दिवस लागले. त्याच वर्षी ३ जून रोजी अलिबागजवळ धडकलेल्या ‘निसर्ग’ वादळानंतर रायगड आणि रत्नागिरीतील काही गावे कित्येक आठवडे अंधारात होती. दोन तासांचे भारनियमन आणि चार दिवसांचा अंधार यांना एकच उपाय पुरत नाही. खरेदीला निघण्यापूर्वी आपल्या भागात वीज सहसा किती वेळ जाते, हा प्रश्न त्यामुळेच पहिला ठरतो.

मासे कशाने मरतात?

दिवा बंद राहिल्याने मासा मरत नाही. पाणी काही तास गाळले गेले नाही, तरी एरवी स्वच्छ राखलेल्या टाकीत लगेच अनर्थ होत नाही. सर्वांत आधी संपतो तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना ही मर्यादा साडेसात मिलिग्रॅमपर्यंत उतरते. म्हणजे उन्हाळ्यातील शंभर लिटरच्या टाकीत सर्व मिळून जास्तीत जास्त पाऊण ग्रॅम प्राणवायू असतो. तेवढाच प्राणवायू बाहेरच्या जेमतेम तीन लिटर हवेत असतो. पाणी आणि हवा यांच्यातील ही तफावत ध्यानात घेतली, तर पंपाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

उष्णतेचा फटका दुहेरी असतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि त्याच वेळी माशाच्या शरीरातील चयापचयाचा वेग वाढून त्याची गरज वाढते. विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी वीज जाणे आणि पुण्यातील डिसेंबरच्या रात्री वीज जाणे यांत टाकीच्या दृष्टीने मोठा फरक आहे. बहुतेक माशांना लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू सोयीचा असतो. तीनच्या खाली गेल्यावर अनेक जाती हैराण होतात. पाणवनस्पती असलेल्या टाकीत आपल्याला चिंता नाही, असा एक समज आहे. तो दिवसाच्या उजेडातच खरा असतो. अंधारात वनस्पतीही श्वसन करतात आणि माशांबरोबर तोच साठा वापरतात. दाट वनस्पतींच्या टाकीत म्हणून पहाटेची वेळ सर्वांत नाजूक.

सर्व माशांची स्थिती मात्र सारखी नसते. बेट्टा किंवा फायटर आणि गुरामी यांना डोक्यात असलेल्या विशेष अवयवामुळे पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेता येते, आणि पंप बंद पडला तरी ते बराच काळ तग धरतात. गोल्डफिशची गोष्ट उलट आहे. घराघरांत सर्वाधिक दिसणारा हा मासा अंगाने जाड, खाण्यात हावरा आणि घाण अधिक करणारा. शिवाय तो सहसा त्याच्या गरजेपेक्षा लहान टाकीत ठेवलेला असतो. डिस्कससारखे ऊबदार पाण्यात ठेवले जाणारे मासेही काठावरच असतात. मोजके मासे असलेल्या मोठ्या टाकीला दोन तासांच्या खंडासाठी काहीही विकत घेण्याची गरज नाही, हे दुकानात सहसा सांगितले जात नाही. गर्दी असलेल्या टाकीत मात्र तेच दोन तास जड जाऊ शकतात. सुटका कधीकधी उपकरण विकत घेण्यात नसून मासे कमी ठेवण्यात असते.

हवेच्या पंपाचे बुडबुडे स्वतः फारसा प्राणवायू देतात असे नाही. वर जाताना ते तळाचे पाणी आपल्याबरोबर खेचतात आणि पृष्ठभाग सतत हलता ठेवतात. हवा आणि पाणी यांच्यातील देवाणघेवाण मुख्यतः तिथे घडते. वीज गेल्यावर टाकीचे झाकण उघडावे, असे जाणकार सांगतात ते याच कारणासाठी.

किती वॅट लागतात?

मत्स्यटाकीला आधार निवडताना होणारी नेहमीची चूक म्हणजे टाकीवरील सर्व उपकरणांची बेरीज करणे. मध्यम आकाराच्या टाकीवर हवेचा पंप दोन ते पाच वॅटचा, फिल्टर पाच ते पंचवीस वॅटचा, एलईडी दिवा दहा ते तीस वॅटचा आणि हीटर शंभर ते तीनशे वॅटचा असतो. सगळे मिळून आकडा मोठा दिसतो आणि खरेदी विनाकारण वाढते. आधार हवा असतो तो यातील पहिल्या, सर्वांत लहान आकड्याला.

हा पंप स्पंज फिल्टरला जोडलेला असेल, तर एका उपकरणात दोन कामे होतात. हवा वर जाताना पाणी स्पंजमधून ओढले जाते आणि स्पंजवर वाढलेले जिवाणू माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून पाण्यात येणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. मोठा, महागडा फिल्टर असतानाही कोपऱ्यात एक साधा स्पंज फिल्टर कायम चालू ठेवावा, तो याचसाठी. काही शे रुपयांत मिळणारी ही वस्तू दिसायला ओबडधोबड असल्याने अनेकांना टाकीत नकोशी वाटते. सौंदर्यदृष्टीला थोडी मुरड घालण्याची ही जागा आहे.

आता घरातील इन्व्हर्टरचा हिशेब. बारा व्होल्ट आणि १५० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास ऊर्जा असते. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, रूपांतरातही काही ऊर्जा वाया जाते; हाती साधारण १,२०० वॅट-तास लागतात असे धरू. दोन पंखे, चार दिवे आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च मिळून २०० वॅट होत असतील, तर बॅटरी सहा तास चालेल. त्यात पाच वॅटचा हवेचा पंप जोडला, तर या सहा तासांतून जेमतेम दहा मिनिटे कमी होतात. त्याऐवजी २०० वॅटचा हीटर जोडला आणि तो सतत सुरू राहिला, तर सहाचे तीन तास होतात.

ज्या घरात इन्व्हर्टर आधीच आहे, तिथे सर्वांत स्वस्त उपाय म्हणून नवे उपकरण नव्हे, तर इलेक्ट्रिशियनचे अर्ध्या दिवसाचे काम सुचवता येते. टाकीजवळचा एक प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावा आणि त्यावर फक्त हवेचा पंप, फार तर लहान फिल्टर ठेवावा. हीटर, दिवा आणि चिलर नेहमीच्या प्लगवरच राहू द्यावेत. पाण्याच्या शेजारी काम असल्याने, गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी इन्व्हर्टरच्या लाइनवरही आहे ना, हे त्याच वेळी पाहून घ्यावे. प्लगकडे जाणारी वायर आधी खाली लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न शिरता खाली ठिबकते.

इन्व्हर्टर नव्याने घ्यायचा असेल, तर स्क्वेअर वेव्ह आणि साइन वेव्ह या दोन प्रकारांतील फरक टाकीसाठी महत्त्वाचा ठरतो. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर दिवे चालतात, पण फिल्टरमधील लहान मोटर गुरगुरते, तापते आणि तिचे आयुष्य घटू शकते. हवेचा साधा पंप अशा विजेवर चालतो, आवाज मात्र वाढतो. साइन वेव्ह इन्व्हर्टरची वीज नेहमीच्या विजेसारखी असल्याने ही अडचण येत नाही. मात्र केवळ टाकीसाठी मोठा इन्व्हर्टर घेणे शहाणपणाचे नाही. इन्व्हर्टर सुरू असताना स्वतःच साधारण दहा ते वीस वॅट खातो. पाच वॅटच्या पंपासाठी त्याच्या दुप्पट-तिप्पट ऊर्जा यंत्रावरच खर्च करण्यात अर्थ नाही.

संगणकाच्या यूपीएसबाबतही हेच म्हणता येईल. सहाशे व्हीएच्या यूपीएसमध्ये सहसा बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची एक बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. संगणकाला दहा-पंधरा मिनिटे पुरवण्यासाठी केलेली ही रचना आहे. हवेच्या पंपावर तो तीन-चार तास जाऊ शकतो. परंतु काही यूपीएस फार कमी भार दिसला की कोणी वापरत नाही असे समजून आपोआप बंद होतात, आणि बहुतेक यूपीएस मध्यरात्री पिपाणी वाजवत राहतात. घरात जुना यूपीएस पडून असेल, तर बॅटरी बदलून तो वापरावा. नवा घेण्यापूर्वी पुढील पर्याय पाहावेत.

इन्व्हर्टरशिवाय

बॅटरीतील थेट विद्युतप्रवाहावर चालणारा पंप घेतला, तर विजेचे रूपांतर करण्याची भानगडच उरत नाही. टॉर्चमध्ये घालतात तसल्या दोन मोठ्या सेलवर चालणारा हवेचा पंप मासे विकणाऱ्या बहुतेक दुकानांत मिळतो. कोलकात्याचा गॅलिफ स्ट्रीट, मुंबईतील कुर्ला किंवा चेन्नईजवळचे कोलातूर अशा शोभिवंत माशांच्या बाजारपेठांत तो शोधावा लागत नाही. त्याची उणीव एकच, ती म्हणजे वीज गेल्यावर कोणीतरी तो सुरू करावा लागतो. रात्री तीन वाजता वीज गेली किंवा कुटुंब गावाला गेलेले असेल, तर कपाटातील पंपाचा उपयोग नाही.

ज्यांच्या घरी दिवसभर कोणी नसते, त्यांनी म्हणून आतच लिथियम बॅटरी असलेला आणि कायम प्लगला जोडून ठेवायचा पंप निवडावा. प्लगमधील वीज थांबताच तो बॅटरीवर आपोआप सुरू होतो. काही पंप वीज असतानाही चालतात, काही केवळ ती गेल्यावर जागे होतात. खरेदी करताना हा फरक विचारून घ्यावा. वेष्टनावर लिहिलेले तास सर्वांत मंद गतीवरचे आणि नव्या बॅटरीचे असतात, हेही लक्षात ठेवलेले बरे.

मोबाइलच्या पॉवर बँकवर चालणारे यूएसबी पंपही आता सर्रास मिळतात. दहा हजार मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॅट-तास ऊर्जा असते आणि वजावट जाऊन त्यातील तीसच्या आसपास हाती येतात. दीड वॅटचा पंप त्यावर वीस तासांपर्यंत चालू शकतो. मात्र अनेक पॉवर बँका अत्यल्प प्रवाह दिसल्यास फोन भरला असे समजून बंद होतात. म्हणून पंप आणि पॉवर बँक यांची जोडी आधी दोन-तीन तास चालवून पाहावी. इंटरनेटच्या राउटरसाठी मिळणारा छोटा बारा व्होल्टचा यूपीएसही त्याच व्होल्टच्या पंपाला चालतो आणि वीज गेल्याबरोबर आपोआप काम सुरू करतो. व्होल्ट, पिनचा आकार आणि धन-ऋण टोके जुळतात याची खात्री त्यासाठी करावी लागते. तीन-चार तासांचा खंड नेहमीचा असेल, तर हा उपाय स्वस्त आणि निर्वेध आहे.

पंप कोणताही असो, तो पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवलेला असेल, तर थांबल्यावर टाकीतील पाणी नळीतून उलटे पंपात आणि तिथून जमिनीवर येऊ शकते. नळीत बसवायचा एकमार्गी चेक व्हॉल्व्ह हा धोका टाळतो. वीज जाण्याच्या दृष्टीने टाकीवरील सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वाधिक विसरली जाणारी वस्तू हीच.

समुद्री माशांची आणि प्रवाळांची टाकी हे प्रकरण अधिक कठीण आहे. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा समुद्राच्या पाण्यात सुमारे एक पंचमांश प्राणवायू कमी मावतो आणि प्रवाळांना पाण्याचा प्रवाहही लागतो. अशा टाकीसाठी बॅटरीचा आधार असलेला, थेट प्रवाहावर चालणारा वेव्हमेकर घेणे इष्ट. खाली सम्प असेल, तर पंप थांबल्यावर वरच्या टाकीतील पाणी खाली उतरते. ते सामावण्याइतकी जागा सम्पमध्ये रिकामी आहे का, हे एकदा मुद्दाम पंप बंद करून पाहावे.

थंडी, वादळ आणि जनरेटर

उत्तर भारतातील हिवाळ्यात हीटरचा प्रश्न टाळता येत नाही. बॅटरीवर हीटर चालवण्याऐवजी मात्र उष्णता राखणे अधिक सोपे असते. शंभर लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ११६ वॅट-तास ऊर्जा लागते. याचाच अर्थ, तेवढी उष्णता बाहेर गेल्याखेरीज पाणी एक अंशाने थंड होत नाही. टाकीच्या बाजूंना थर्मोकोल किंवा जाड घोंगडी लावली आणि वर हवेला थोडी फट ठेवली, तर मोठी टाकी कित्येक तास ऊब धरून राहते. लहान टाकी लवकर थंड होते. तिथे गरम पाण्याची घट्ट बंद बाटली तरंगत ठेवता येईल. उन्हाळ्यात हाच उपाय बर्फाच्या बाटलीने करावा, पण तापमान झपाट्याने खाली येणार नाही या बेताने.

वादळाच्या प्रदेशात, जिथे वीज दिवसांच्या हिशेबात जाते, तिथे कोणतीही एक बॅटरी पुरत नाही. ती पुन्हा भरायची कशी, हा खरा प्रश्न असतो. लहान सौर पॅनेल, मोटारीतील चार्जर किंवा शेजारच्या जनरेटरवर तासभर चार्जिंग यांपैकी एक सोय आधीच ठरवलेली असावी. अशा वेळी दोन पॉवर बँका आणि एक यूएसबी पंप ही जोडी मोठ्या इन्व्हर्टरपेक्षा उपयुक्त ठरू शकते, कारण ती हातात घेऊन वीज असेल तिथे नेता येते. पेट्रोलवरचा छोटा जनरेटर चालवायचा झाल्यास तो घरात, बंदिस्त बाल्कनीत किंवा जिन्याखाली कदापि ठेवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग वा वास नसतो आणि झोपेत तो माणसांचा जीव घेतो. इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे ती टाकीखालच्या बंद कपाटात नको. पाणी गळण्याचा धोका तिथे वेगळाच.

काहीच साधन नसेल तेव्हा हात कामाला येतात. मगभर पाणी टाकीतून काढून वीतभर उंचीवरून पुन्हा ओतत राहिले, की पृष्ठभाग ढवळला जातो. दर अर्ध्या तासाने काही मिनिटे केलेले हे काम गर्दीच्या टाकीलाही बराच वेळ तारून नेते. खाणे पूर्ण बंद ठेवावे. निरोगी प्रौढ मासे काही दिवस सहज उपाशी राहू शकतात, तर न खाल्लेले अन्न कुजताना उरलासुरला प्राणवायू संपवते. शहरात मासेविक्रेत्याचे दुकान जवळ असेल, तर आणखी एक वाट आहे. विक्रेते मासे देताना पिशवीत थोडे पाणी आणि उरलेल्या जागेत सिलिंडरमधील प्राणवायू भरतात. उपाशी ठेवलेले लहान मासे अशा पिशवीत दिवसभर राहू शकतात. पाणी बदलण्याचा मोह मात्र सांभाळून आवरावा. पूर किंवा वादळानंतर नळाच्या आणि टँकरच्या पाण्यात क्लोरिनचे प्रमाण अनेकदा वाढवलेले असते, आणि अँटिक्लोरिन न घालता ते पाणी टाकीत ओतले तर माशांचे कल्ले पोळतात.

वीज परतल्यानंतर

वीज आली की सगळी बटणे एकदम सुरू करण्याकडे कल असतो. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर कित्येक तास थांबलेला असेल, तर ते धोक्याचे ठरते. आतील पाण्यातील प्राणवायू संपलेला असतो, जिवाणू मरू लागलेले असतात आणि कुजलेले पाणी सुरू करताक्षणी थेट टाकीत येते. आधी डबा उघडून ते पाणी फेकून द्यावे आणि आतील स्पंज व इतर माध्यमे टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळून घ्यावीत. नळाखाली धुतल्यास उरलेले जिवाणूही जातात. पाणी कमी झालेल्या टाकीत हीटर उघडा पडलेला असेल, तर वीज येताच तो कोरडा तापून तडकतो. म्हणून वीज गेलेली असतानाच त्याचा प्लग काढून ठेवावा आणि तो पुन्हा पूर्ण बुडाल्यावरच लावावा. पुढील तीन-चार दिवस दुकानात मिळणाऱ्या संचाने अमोनिया आणि नायट्राइट तपासत राहावे. यांपैकी काही आढळल्यास एक चतुर्थांश पाणी त्याच तापमानाच्या, क्लोरिन काढलेल्या पाण्याने बदलावे आणि दोन्ही आकडे शून्यावर येईपर्यंत खाणे नेहमीच्या निम्म्यावर ठेवावे.